सात नंबरचा दुसरा भाग

मोठा ढोल वाजला की डावा पाय जमिनीवर पडला पाहिजे. संचलनाचे सगळे शास्त्र या एका वाक्यात मावते. हातांचा झोका, ताठ मान, रांगेची सरळ रेघ हे सर्व त्याचे विस्तार आहेत. तलासरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी संगीत आणि शारीरिक शिक्षण असे दोन्ही विषय शिकवले, आणि २०१९ साली निवृत्त होईपर्यंत शाळेचे बँडपथक माझ्याकडे होते. पथकात नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या तासाला मी हे वाक्य फळ्यावर लिहून देत असे आणि त्याखाली दुसरे: पाय ढोलाचे ऐकतो, ढोल पायाचे ऐकत नाही. परीक्षेत याला गुण नव्हते. तरी बाजारात कधी भेटलेले, आता बापे झालेले विद्यार्थी मला हीच दोन वाक्ये म्हणून दाखवतात.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या गेल्या, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी टाचण काढायला बसले. टाचणात एकच मुद्दा पुन्हा पुन्हा येऊ लागला. म्हणून बाकीचे बाजूला ठेवून एका चालीविषयी लिहिते. ती एका पलटणीची कुचाची चाल आहे. तिचे खरे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. डहाणू-तलासरीकडे तिला 'सात नंबर' म्हणतात.

आधी बँडपथक म्हणजे काय ते सांगायला हवे. शाळेचा बँड लोक वर्षातून दोनदा ऐकतात, स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी. उरलेले वर्ष डागडुजीत जाते. आमच्याकडे एक मोठा ढोल, काही साइड ड्रम, एक झांजांची जोडी आणि बासऱ्या होत्या. ऑगस्टच्या दमट हवेत ढोलाचे कातडे असे सैलावते, की ठोका दिला तर उशीवर हात मारल्यासारखा आवाज येतो. मग ढोल उचलून आम्ही शाळेच्या स्वयंपाकघरात, खिचडीच्या चुलीसमोर नेऊन शेकत असू. स्वयंपाकाच्या मावशी विचारत, "बाई, आज पोरांना खिचडी वाढू का ढोल वाढू?"

दुसरी अडचण मुलांच्या पायांची होती. ती आळशी नव्हती, उलट त्यांचे पाय लहानपणापासून तयार झालेले होते, पण तारप्यावर. तारपा हे भोपळ्याचे लांब वाद्य. ते वाजवणारा पुढे चालतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्या कलाने वळतात. वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची नाही, हा त्या नाचाचा नियम. त्यामुळे बँड मागे ठेवून मुलांना पुढे चाला म्हटले, की निम्मी रांग माना वळवून मागे बघत असे. "समोर बघा!" असे मी ओरडे. मुले समोर बघत आणि पाय चुकत. चुकलेल्यासाठी 'कदम बदल' अशी एक आज्ञा असते. मागचा पाय चटकन पुढच्या टाचेशी आणून अर्धे पाऊल टाकायचे आणि रांगेच्या तालात यायचे. पाऊल बदलायचे ते चुकलेल्याने. रांग कोणासाठी पाऊल बदलत नाही.

आता सात नंबर.

ही चाल आमच्या भागात आणली नटूमास्तरांनी. ते मसोलीचे, घरचे गुजराती. तरुणपणी एका पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. निवृत्त होऊन परतल्यावर त्यांनी लग्नाचा बँड काढला. वादकांना गाण्यांची नावे लक्षात राहात नसत, म्हणून मास्तरांनी प्रत्येक चालीला नंबर दिला. त्यात ही सातवी होती. बाकीचे नंबर मास्तरांच्या बँडबरोबर विसरले गेले. हा एक मात्र गावोगाव राहिला. नरपडच्या खाडीकाठापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत नवरा मुलगा मांडवाबाहेर पाऊल टाकतो तेव्हा कोणीतरी ओरडतेच, "सात नंबर लावा!"

मी मसोलीतच राहात असल्याने मास्तरांकडे माझे जाणेयेणे होते. चाल कोणी बांधली, असे मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "बेन, ते आमच्या बँडमास्तरलाही ठाऊक नव्हतं. त्याला त्याच्या मास्तरने दिली. कोणी म्हणे गोऱ्या साहेबाची, कोणी म्हणे लंगरखान्यातल्या एका शिपायाची. वाजवणाऱ्याने एवढं विचारायचं नसतं."

मात्र ती कशी वाजवायची, याबाबत ते फार काटेकोर होते. चालीचे दोन भाग. पहिला निघण्याचा. छावणीतून पलटण स्टेशनकडे निघाली की हा भाग सुरू होई, आणि गाडी हलेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजे. दुसरा भाग परतण्याचा. तो काहीसा संथ, खालच्या सुरात उतरत जाणारा. दोन्ही भाग सलग कधीच वाजवायचे नाहीत. पहिला कितीही वेळा वाजवा, दुसरा एकदाच. पहिल्या भागात बँड पुढे, दुसऱ्यात बँड मागे.

"मागे का?" मी विचारले.

"पोचणाऱ्याला घर दिसलं पाहिजे, बेन. बाजा नाही. आणि शेवटच्या ठोक्यावर त्याचे दोन्ही पाय जुळले पाहिजेत. थांबला की पोचला. पोचणं काय दोनदा होतं?"

मास्तरांच्या बँडने लग्नांतही हीच रीत पाळली. नवरा निघताना पहिला भाग, नवरी घरी येताना दुसरा. लोकांना ते इतके पटले, की दुसऱ्या भागाशिवाय आलेल्या नवरीला "अजून पोचली नाही" असे म्हणून चिडवत.

ही चाल इतकी का टिकली, याचा मी शिक्षिकेच्या पद्धतीने विचार केला आहे. तिच्या ओळी छोट्या आहेत. वरच्या पट्टीत आवाज न जाणारा माणूसही ती गुणगुणू शकतो. आणि ती नेमकी चालणाऱ्याच्या श्वासाएवढी आहे. एका श्वासात एक ओळ संपते. डोक्यावर भारा घेऊन बाजाराला निघालेल्या बायका ती नकळत गुणगुणताना मी ऐकले आहे. पण टिकली म्हणताना एक दुरुस्ती करायला हवी. टिकला तो पहिला भाग. मास्तरांचा बँड बंद पडला आणि बेंजो पार्ट्या आल्या. वरातीचा नाच सारा निघताना होतो, परतताना सगळे दमून टेम्पोत बसतात. त्यामुळे दुसरा भाग वाजवायला रस्ताच उरला नाही. शाळेतही संचलनाला पहिलाच भाग लागे. मी वर्षानुवर्षे तेवढाच शिकवला.

२०१४च्या उन्हाळ्यात नरपडला एका चिकूवाल्यांच्या घरी लग्न होते. मास्तर आणि मी, दोघांनाही बोलावणे होते. बेंजोवाल्यांनी नवरा निघताना सात नंबर असा काही झोडला की खुर्च्या हलल्या. संध्याकाळी नवरी दारात आली. तेव्हा मास्तर काठी टेकत उठले आणि बेंजोवाल्या पोराला म्हणाले, "दीकरा, आता दुसरा भाग."

"कसला दुसरा, काका?"

"सात नंबरचा."

पोराने नम्रपणे मोबाइल पुढे केला. "आमच्यात एवढाच आहे, काका. बघा, इथं संपतो."

मास्तर हसले. वाटेत रिक्षात मात्र म्हणाले, "सगळी निघालेली माणसं, बेन. पोचलेलं कोणी नाही." त्यांचे पुढचे दात तोवर पडले होते. क्लॅरिनेटला ओठ लावायचा तर दात लागतात. ती चाल आता त्यांना स्वतःलाही वाजवता येत नव्हती.

त्या वर्षी मोठा ढोल विलास भावरकडे होता. मोठा ढोल सर्वांत ताकदवान मुलाला देतात, असा लोकांचा समज आहे. तसे नाही. ढोल पोटावर बांधला की वाजवणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. तेव्हा तो ज्याचे पाय न बघता चालतात त्यालाच द्यायचा असतो. विलास अंगाने काटकुळा होता, पण त्याचा ठोका आणि त्याचे पाऊल यांत केसाचेही अंतर नसे. त्याच्यामागे चालताना चुकायला मेहनत करावी लागली असती.

त्याचे वडील रघुनाथ भावर. पाड्यावर सगळे त्यांना रघ्या म्हणत, मी रघूदादा म्हणे. थोडी भातशेती, उरलेले महिने चिकूच्या वाड्यांत मजुरी. शाळेचा सराव चालू असला की कुंपणाबाहेरून, डोक्यावरचा भारा न उतरवता, ते मुलांच्या तालावर चालत जात. एकदा मी म्हटले, "रघूदादा, आत या की. रांगेत घेते तुम्हाला."

"नको बाई," ते म्हणाले, "माझा पाय ढोलाचं नाय ऐकत. पोऱ्याचं ऐकतो."

२०१५ साली विलास सैन्यात भरती झाला. पाड्यावरून फौजेत गेलेला तो पहिलाच. प्रशिक्षणाला निघण्याच्या दिवशी रघूदादांच्या आग्रहावरून शाळेचा बँड पाड्यावर गेला. मास्तरही जीपमधून आले. अंगणापासून डांबरी रस्त्यापर्यंत आम्ही पहिला भाग वाजवत गेलो, आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत वाजवत राहिलो. विलासची आई, बायजीबाई, दारातून हलली नाही.

वाजवून झाल्यावर मास्तर रघूदादांना म्हणाले, "आता दुसरा बाकी राहिला हं, रघ्या. पोरगा कायमचा परत येईल तेव्हा वाजवून घे. बाकी ठेवू नकोस."

हे बोलणे रघूदादांनी मनावर घेतले. विलास सुट्टीवर येई तेव्हा त्याला पुढच्या वाटेने येऊ देत नसत. मागे शेताचा बांध होता, त्यावरून तो मागल्या दाराने घरात शिरे. मी विचारले तेव्हा रघूदादा म्हणाले, "सुट्टी म्हंजे येणं नाय, बाई. पुढनं आला तर ते येणं होईल. दुसरा भाग वाजल्याशिवाय पुढनं नाय यायचं." पाड्यावरची पोरे विलासला चिडवत, "काय रं फौजी, चोरावानी मागनं?" तो हसून म्हणे, "ड्यूटीवर आहे रे अजून."

२०१८च्या पावसाळ्यानंतर विलासचे फोन बंद झाले. मेसेज मात्र येत. रघूदादांना वाचता येत नसे. शाळेत शिकणारी पुतणी ज्योती ते वाचून दाखवी. आता मोठा ढोल ज्योतीकडे होता. एकदा तिला मी विचारले, "दादाचा फोन येतो का गं?"

"रेंज नाय म्हणतो, बाई. आपण लावला की कट करतो. मग लिहितो, मजेत आहे."

डोंगरात ठाणे आहे, रेंज नसेल, असे आम्ही सर्वांनी मानले. जिथे मेसेज पोचतो तिथे फोन का लागत नाही, हा प्रश्न मलाही पडला नाही.

२०१९च्या जानेवारीत, प्रजासत्ताकदिनाचा सराव चालू असताना, रघूदादा प्रथमच कुंपणाच्या आत आले. हातात फोन होता.

"बाई, पोऱ्या येतोय. कायमचा."

मी मेसेज वाचला. ताप आला होता, बरेच दिवस दवाखान्यात होतो, आता बरा आहे, पण तब्येतीमुळे मला घरी पाठवत आहेत, काळजी करू नका. एवढाच मजकूर. मी विचारले, "रघूदादा, इतक्या लवकर कसे काय सोडले? नीट आहे ना तो?"

"नीट तर आहे! फोटो मागवला ना मी." त्यांनी फोटो दाखवला. विलास गणवेशात ताठ उभा होता. रघूदादा बोट ठेवून मला समजावू लागले, "हा हात, हा हात. हे दोन पाय. डोळे बघा, दोन्ही धड. मी ज्योतीला सांगितलं, लिही त्याला, सगळा दिसंल असा काढ. सगळा आहे, बाई. काय गेलं नाय त्याचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरा भाग वाजवाल ना?"

मी हो म्हटले, आणि लगेच लक्षात आले की तो पथकात कोणालाच येत नाही. मलाही तो तुकड्यातुकड्यानेच ठाऊक होता.

मास्तर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी रोज शाळेतून परतताना त्यांच्याकडे जाऊ लागले. ते दात नसलेल्या तोंडाने सूर म्हणत आणि मी ते स्वरलिपीत उतरवून घेत असे. दुसऱ्या दिवशी मुलांच्या बासऱ्यांवर ते बसवायचे आणि संध्याकाळी मास्तरांना गाऊन दाखवायचे, असा क्रम होता. ते डोळे मिटून ऐकत आणि तळहाताने गादीवर ठोका देत. "धीरे, बेन, धीरे. थकलेला माणूस आहे तो. घर दिसतंय म्हणून धावत नाही. घर दिसतंय म्हणून हळू होतो." अखेरचा ठोका नीट आला त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "मुलांना पक्कं सांगा. एकदाच. पुन्हा नाही."

मी मुलांना पक्के सांगितले. सरावात कोणी ओघात पहिल्या ओळीवर परत गेले, तर मी बासरी खाली ठेवायला लावत असे. मुले सांगितलेले नीट शिकली, की शिक्षकाला जे समाधान वाटते तेच मलाही वाटले.

एक अडचण राहिली होती. बँड मागे राहणार म्हटल्यावर रघूदादा अस्वस्थ झाले. "वाजवणाऱ्याला पाठ, बाई? आमच्यात तारप्याला पाठ नाय दाखवत. बाजा पुढं ठेवा. पोऱ्या बाजाकडं बघत येईल."

मी त्यांना मास्तरांचे म्हणणे समजावून सांगितले. पोचणाऱ्याला घर दिसले पाहिजे, बाजा नाही.

"मास्तर बोलला का? मग तसंच," ते म्हणाले.

या वाक्यापाशी मी आजही थांबते. बँड पुढे असता तर ज्योतीच्या हातातली ढोल वाजवायची मोगरी विलासला वर-खाली होताना दिसली असती.

तो दिवस स्वच्छ होता. डांबरी रस्त्याला जिथे पाड्याची वाट फुटते, तिथे आम्ही उभे होतो. स्टेशनवर कोणी येऊ नका, मी जीपने येतो, असे विलासने आधीच कळवले होते. जीप थांबली, तो उतरला, आणि मुलांनी असा गिल्ला केला की काही ऐकू येईना. तो वडिलांच्या पाया पडला, मग माझ्याही.

"कसा आहेस?" मी विचारले.

"हो, बाई," तो म्हणाला.

रघूदादांनी त्याची काळी पत्र्याची ट्रंक जीपच्या टपावरून उतरवली आणि आपल्या खांद्यावर घेतली. "वाटेत काय खाल्लंस का रं?"

"आत्ताच, बाबा. हे काय, उतरलोच."

गोंगाटात प्रश्नाला भलतेच उत्तर मिळणे काही नवे नाही. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "दुसरा भाग ना, बाई?" हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की जीपवाल्याने दचकून मागे पाहिले. पोरे हसली. "फौजी आवाज!" एक जण म्हणाला.

रांग लागली. विलास पुढे, त्याच्या मागे ट्रंक घेतलेले रघूदादा, मग बँड, मग पाडा. वाट सरळ होती. अंगणाच्या थोडे अलीकडे एक मोहाचे झाड होते. तिथे शेवटचा ठोका पडेल असे आम्ही चालून मोजून ठेवले होते. पुढे दारात बायजीबाई पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी हात वर केला, ज्योतीने पहिला ठोका दिला आणि बासऱ्या सुरू झाल्या.

विलास उभाच होता. रघूदादांनी पाठीवर थाप मारली, "चल की रं!" मग तो निघाला.

माझी नजर सवयीने पायांवर गेली. ठोका पडला तेव्हा त्याचा उजवा पाय खाली होता. पुढच्या ठोक्याला तर एकही नाही, पाऊल हवेतच होते. प्रवासाने दमला असेल, असे मला आधी वाटले. पण चाल डौलदार होती, हात झुलत होते, मान ताठ होती. एखाद्या उत्तम संचलनकाराचेच चालणे, पण दुसऱ्याच कुठल्यातरी चालीवर. ज्या मुलाच्या पावलावरून मी शाळेला चालायला शिकवले, तो माझ्यासमोर बेताल चालत होता.

मी पुढे सरकून, फक्त त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "विलास, कदम बदल!"

ही आज्ञा कानावर पडली की शिकलेला पाय विचारायला थांबत नाही, आपोआप बदलतो. त्याचा बदलला नाही. मी तेच मोठ्याने म्हटले. रघूदादांनी ते ऐकले आणि ट्रंकेआडून माझ्याकडे बघून हसले, "राहू द्या, बाई. दमलाय."

तेव्हा मला कळले. फोन कट का होत होता, स्टेशनवर कोणी येऊ नका असे का लिहिले होते, "हो, बाई" म्हणजे काय, सगळे एकदम जागेवर बसले. तापाने त्याचे कान गेले होते. ते सांगायला त्याला एकही दिवस सापडला नव्हता, आणि वडिलांनी जसा मागितला तसाच फोटो त्याने पाठवला होता. हात, पाय, डोळे सगळे धड. कान तर फोटोतही दोन होते.

आणि तो चालत होता. चार वर्षे मागल्या दाराने आल्यानंतर वडिलांसाठी पुढच्या वाटेने, ऐकू न येणाऱ्या चालीवर तो चालत होता.

माझ्यासमोर रघूदादांची पाठ होती. ट्रंकेखाली मान वाकडी झाली होती, तरी ते गुणगुणत होते. चाल वाजत होती तोवर त्यांचा मुलगा सगळाच्या सगळा परत आलेला होता. मोहाचे झाड जवळ येऊ लागले. शेवटच्या ठोक्याला सारे थांबतील आणि तो थांबणार नाही, हे मला स्पष्ट दिसले. एकच उपाय होता. चाल थांबू द्यायची नाही. तो उंबऱ्याशी, आईच्या हाताशी पोचेपर्यंत वाजवत राहायचे. मग घरात, चार माणसांत, त्याला जमेल तसे तो सांगेल. मी मुलांकडे वळले आणि पुन्हा वाजवण्याची खूण केली.

मुलांनी माझ्याकडे पाहिले. बासरीवाल्या मुलीने किंचित मानही हलवली, की बाई, नाही, एकदाच. मी पुन्हा खूण केली. पण मी त्यांना पक्के शिकवले होते. मोहाच्या झाडाखाली ज्योतीने शेवटचा ठोका दिला, तो अगदी मास्तरांनी गादीवर द्यावा तसा, आणि सगळे पाय जुळले.

विलास चालत राहिला.

आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग मागून कोणीतरी हसले, "ए फौजी, थांब की! बाजा संपला!" आणखी काही जण हसले. रघूदादांनी हाक मारली, "विलास!" तो तसाच ताठ, हात झुलवत चालला होता. "विलास रं!" ही हाक वेगळी होती. हसणारे गप्प झाले. त्या वाटेवर त्याच्या बुटांखालच्या खड्यांचा तेवढा आवाज येत होता.

रघूदादांनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. त्यांनी ट्रंक खांद्यावरून उतरवून वाटेच्या कडेला ठेवली, सावकाश, तिचा आवाज होऊ न देता. मग भरभर चालत त्याच्या बाजूला गेले. त्याला हात लावला नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. मान खाली घालून त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिले. मग मागचा पाय चटकन पुढच्या टाचेशी आणला, अर्धे पाऊल टाकले, आणि त्याच्या पावलाशी पाऊल मिळवले. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. कुंपणाबाहेरून पाहून आले असेल.

ज्योतीच्या हातातली मोगरी हवेतच होती. "बाई," ती कुजबुजली, "वाजवू?"

"वाजव."

"कशावर?"

"त्यांच्या पायांवर," मी म्हटले. "डावा पाय पडला की ठोका दे."

ढोलाआड तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. त्यांचे दिसत होते. तिने डोळे त्यांच्यावर ठेवले आणि हलक्या हाताने, एका पावलामागे एक, ती ठोका देऊ लागली. बासऱ्या गप्प होत्या. बाप-लेक अंगणाकडे चालत गेले. दोघांपैकी एकालाच ढोल ऐकू येत होता.